सांगडीची कुळकथा

मालवणच्या किनाऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ होडीची उलांडी बांधत बसले होते. उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला, जरा दूर, पाण्यावर तरंगणारा लांबोडका हलका ओंडका. दोन आडव्या वाशांनी तो होडीला जोडलेला असतो. खोड कोरून केलेली अरुंद होडी एकटी लाटेत सोडली, तर वल्ह्याच्या चार फटक्यांत कलंडायची. उलांडी तिला सावरून धरते. जोडावर एकही खिळा नव्हता, नुसते सुंभाचे वेढे, पायाचा अंगठा रोवून आवळलेले. खिळा का नाही, असं मी विचारलं. "खिळो गंजता. सुंभ पाण्यात फुगता नि आनीकच आवळता," ते म्हणाले. शेवटची गाठ मारली आणि म्हणाले, "झाली सांगड."

हा शब्द आपण सगळे वापरतो. घर आणि नोकरीची सांगड घालतो, जुन्या-नव्याची घालतो. मोल्सवर्थच्या कोशात मात्र पहिला मान नावाड्याचा आहे: दोन होड्या एकत्र बांधून केलेली तर, किंवा पोहायला कंबरेशी घ्यायचे जोडलेले भोपळे. म्हणजे आपला हा वाक्प्रचार थेट पाण्यातून वर आलेला आहे.

त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागलो आणि पोचलो ब्राझीलला. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी हलक्या लाकडाचे ओंडके जोडून, वर शीड लावून, मागे वल्ह्याने दिशा धरत खोल समुद्रात जातात. त्या तराफ्याला ते 'जांगादा' म्हणतात. फोर्तालेझा बंदरात १८८१ मध्ये या जांगादावाल्यांनी गुलामांना जहाजांपर्यंत नेण्यास साफ नकार दिला. त्यांचा पुढारी होता फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेन्तो. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, सिआरा प्रांतातून गुलामगिरी गेली. देशभरातून ती जायला १८८८ उजाडलं. ज्या तराफ्यांनी हे केलं, त्यांचं नाव आपल्या सांगडीचं सख्खं भावंड आहे.

ते तिथे गेलं कसं? पोर्तुगीज काब्रालचा तांडा १५०० च्या एप्रिलमध्ये ब्राझीलला लागला. त्यातला लेखनिक पेरु व्हाझ द कामिन्या राजाला लिहिलेल्या पत्रात सांगतो, की इथल्या लोकांच्या होड्या मी आजवर पाहिल्या तशा नाहीत, नुसत्या तीन तुळया एकमेकींना बांधलेल्या. वस्तू डोळ्यांसमोर होती, पण त्याने तिच्यासाठी लिहिला 'अल्मादिया' हा अरबीतून आलेला शब्द. जांगादा हे नाव त्याच्या लेखणीत आलं नाही. पुढे तोच तांडा कालिकतला आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, पोर्तुगीज वखारीवर झालेल्या हल्ल्यात, कामिन्या तिथेच मारला गेला. जो शब्द त्याला हवा होता, तो ज्या किनाऱ्यावर रोज बोलला जात होता, तिथेच. मलयाळममध्ये तराफ्याला 'चंगाडम' म्हणतात. पोर्तुगीजांनी नाव तिथून उचललं आणि ब्राझीलच्या तराफ्यांना चिकटवलं.

इथे एक पक्ष म्हणतो, शब्द मुळातच दक्षिणेचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावाटांच्या पोथीत पूर्व किनाऱ्यावरच्या 'संगारा' नावाच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नावा आहेतच. मला ते पटत नाही. संस्कृत 'संघाट' म्हणजे लाकडाला लाकूड जोडणं, सुताराचं काम. तमिळ-मलयाळमच्या तोंडी परका 'स' पुष्कळदा 'च' होतो. संघ या शब्दाचं तमिळ रूपही 'चंगम' असंच लिहितात. 'सांगड'मधला 'स' जुना, 'चंगाडम'मधला 'च' पाहुणचार घेऊन आलेला. शिवाय मलबारात वाटसरूला आपल्या जिवाच्या हवाल्यावर पुढच्या गावी पोचवणाऱ्या नायर वाटाड्यालाही पोर्तुगीज 'जांगादा'च म्हणत. तराफा आणि जिवाला जीव बांधलेला सोबती, दोघांना एकच नाव. म्हणजे मुळात बांधणं आहे, नाव त्यानंतरची. 'च'चा 'ज' बहुधा पोर्तुगीज कानाने केला असावा. मोटारी नेणाऱ्या तरीला केरळात आजही 'जंकार' म्हणतात, तेव्हा तो 'ज' घरीही परत आला, असं मी धरून चालतो.

आता उलांडी. जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांवर मोठा निबंध लिहिला. त्यांच्या मते उलांडी आग्नेय आशियातल्या दर्यावर्दींनी आणली. त्यांची बाजू भक्कम आहे: इंडोनेशियापासून श्रीलंकेपर्यंत आणि थेट कोमोरोपर्यंत अशा होड्या त्यांच्याच वाटेवर आहेत. तरीही मी हट्टाने म्हणतो, की कोकणातली उलांडी ही आपल्याच सांगडीची धाकटी लेक आहे. दोन होड्या बांधल्या, मग त्यातली एक झिजत झिजत नुसता ओंडका राहिली. वस्तू परक्यांनी आणली असती तर नावही आलं असतं. आपलं नाव अस्सल मराठी आहे. उलंडणे म्हणजे कलंडणे, आणि ते होऊ देत नाही ती उलांडी. हॉर्नेलचा पक्षकार म्हणेल, पाहुण्या वस्तूचं बारसं यजमान करतो. करतो खरा. मग मी त्याला मालवणला नेईन, त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसवेन आणि विचारेन, की या गाठीचं नाव तरी कुठून आलं?