आडनाव : व्हायोलिन

व्हेनिसच्या ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या अनाथालयाच्या अठराव्या शतकातल्या कागदपत्रांत काही विलक्षण नावं येतात. आन्ना मारिया दाल व्हिओलिन. पाओलिना दाल तेनोर. आन्नेता दाल बास्सो. मराठीत सांगायचं तर एक व्हायोलिनवाली, दुसरी पुरुषी पट्टीत गाणारी, तिसरी खर्जात गाणारी. ज्यांच्या आईबापांचा पत्ता नाही, त्यांना वाद्याचं नाहीतर आवाजाचं आडनाव मिळालं.

मुळशी तालुक्यातल्या माणसारख्या गावात बसून मी या नावांच्या मागे का लागलो, असं लोक विचारतात. विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’ची धून आज कुणाच्याही मोबाइलवर वाजते. पण त्याचं बरंचसं संगीत ज्यांच्यासाठी लिहिलं गेलं, त्या बायकांबद्दल कुणी विचारत नाही. माझा शोध तिथून सुरू झाला.

पिएताची स्थापना १३४६ ची. टाकून दिलेली तान्ही बाळं तिथे ठेवली जात. पुढे ओळख पटावी म्हणून काही माता बाळासोबत पदकाचा किंवा नाण्याचा अर्धा तुकडा ठेवत आणि उरलेला अर्धा स्वतःजवळ राखत. आपल्याकडे जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच जातीच्या दुःखावरचा उपाय म्हणून. व्हेनिसमध्ये अशी चार मोठी धर्मादाय आश्रयस्थानं होती आणि चारही ठिकाणी मुलींना संगीत शिकवलं जाई. पिएतातल्या शेकडो मुलींपैकी निवडक वादकवृंदात जात, बाकीच्या शिवणकाम आणि घरकाम करत. गाणं ऐकायला आलेल्यांच्या देणग्यांवर संस्थेचा खर्च निघायला मदत होई. म्हणजे मुलींचा सूर ही संस्थेची मिळकत होती.

आंतोनियो विवाल्डी सप्टेंबर १७०३ मध्ये इथे व्हायोलिनशिक्षक म्हणून लागला. त्याच वर्षी त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली होती. नेमणूक दरवर्षी मतदानाने ठरे. १७०९ मध्ये व्यवस्थापकांनी त्याला कमी केलं आणि १७११ मध्ये परत घेतलं. वृंदाचा प्रमुख फ्रांचेस्को गास्पारिनी १७१३ मध्ये रजेवर गेला, तेव्हा चर्चसाठीची रचना विवाल्डीकडे आली. प्रसिद्ध ‘ग्लोरिया’ १७१५ च्या सुमाराची. तिच्यात पुरुषी आवाजांचे दोन्ही भाग लिहिलेले आहेत, पण वृंदात पुरुष नव्हते. मग खालचे स्वर कोण लावत होतं? याचं उत्तर त्या नावांतच आहे : पाओलिना दाल तेनोर, आन्नेता दाल बास्सो. खर्जाचा भाग त्या मूळ पट्टीत गात की एक सप्तक वर, यावर अभ्यासक वाद घालतात. पण गाणाऱ्या बायकाच होत्या. १७१६ च्या ‘जुदिता त्रिउंफान्स’ या धार्मिक संगीतनाट्यात सेनापती होलोफर्नेसची भूमिकाही अपोलोनिया या मुलीने गायली.

१७२३ मध्ये व्यवस्थापकांनी विवाल्डीशी महिन्याला दोन कॉन्चेर्तोंचा करार केला. कॉन्चेर्तो म्हणजे एका वादकाने वृंदाशी केलेला संवाद. रचना अवघड असे, कारण समोर आन्ना मारियासारखी वादक होती. व्हायोलिनशिवाय ती चेलो, ओबो, मँडोलिन अशी अनेक वाद्यं वाजवी. विवाल्डीने काही कॉन्चेर्तोंवर तिचं नाव लिहिलं, आणि तिची स्वतःची वादनवही व्हेनिसच्या संगीतविद्यालयात आजही आहे.

एवढं असून ऐकणाऱ्यांना या बायका दिसत नसत. त्या चर्चच्या वरच्या सज्जात, लोखंडी जाळीमागे उभ्या राहत. फ्रेंच विचारवंत रूसो १७४३-४४ मध्ये व्हेनिसला होता. दुसऱ्या आश्रयस्थानातल्या, मेंदिकांतीतल्या गायिका ऐकून त्याने त्यांची रूपं कल्पनेत रंगवली. भेटीत मात्र कुणी काणी निघाली, कुणी देवीच्या व्रणांची. तरी गाणं पुन्हा कानी पडताच ती कुरूपता तो विसरला. लग्न करून बाहेर पडणाऱ्या मुलीला जाहीर गायन-वादन सोडावं लागे. थोडक्यात, कला होती तोवर भिंत होती आणि भिंत गेली की कला गेली.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण गोव्यातल्या कलावंत घराण्यांत सापडतं. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या आईकडून चालणाऱ्या वंशातल्या. त्यांची ओळख बापाच्या घराण्यावर उभी नव्हती. त्यांच्या नावापुढे गाव लागलं, आन्ना मारियाच्या नावापुढे वाद्य. फरक मात्र मोठा. केसरबाई मैफलीत समोर बसून गायल्या आणि त्यांची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये ‘व्हॉएजर’ यानासोबत अंतराळात गेली. आन्ना मारिया १७८२ मध्ये वारली ती पिएतातच. तिच्या वादनाचा एकही स्वर आपल्याला ऐकू येणार नाही.

उरली ती विवाल्डीची हस्तलिखितं. तो १७४१ मध्ये व्हिएन्नात दारिद्र्यात गेला आणि जवळजवळ विसरला गेला. १९२६ मध्ये उत्तर इटलीतल्या एका धार्मिक शाळेत त्याच्या हस्तलिखितांचे मोठे गठ्ठे निघाले. उरलेला भाग पुढे चार वर्षांत मिळाला. तुरिनच्या ग्रंथालयासाठी ते विकत घ्यायला दोन धनिकांनी पैसे दिले, रोबेर्तो फोआ आणि फिलिप्पो जोर्दानो. दोघांचीही मुलं लहानपणीच वारली होती. त्या मुलांच्या स्मरणार्थ हे संग्रह आजही ‘माउरो फोआ’ आणि ‘रेन्झो जोर्दानो’ म्हणून ओळखले जातात. आईबापांनी टाकलेल्या लेकरांनी वाजवलेलं संगीत, लेकरं गमावलेल्या आईबापांनी राखलं. इतिहासात संग्रहांना या दोन मुलांची नावं मिळाली, हे योग्यच झालं. आता कार्यक्रमपत्रिकेवर विवाल्डीच्या शेजारी आन्ना मारियाचं नाव छापायला हवं, वाद्याच्या आडनावासकट.