मारिबचा गाळ

येमेनमधल्या मारिबच्या धरणाची गोष्ट बहुधा शेवटापासूनच सांगितली जाते: धरण फुटले आणि सबाच्या राज्याचे वैभव बुडाले. या पुराचा उल्लेख कुराणात आहे. पुढच्या अरबी कथांनी तर धरण पोखरणारा उंदीरही शोधून काढला. एका लोंढ्यात सगळे संपले, ही कल्पना मनाला चटकन पटते. पण हा बांध त्याआधी कितीदा तरी फुटला होता आणि दर वेळी लोकांनी तो पुन्हा उभा केला होता. म्हणून तो का फुटला यापेक्षा, शेवटच्या खेपेला कोणी बांधला का नाही, हे शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जलाशय येतो. मारिबची जात मात्र बंधाऱ्याची. येमेनच्या डोंगरांवर पडलेला पाऊस बलक डोंगराच्या खिंडीतून वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, लोंढ्याने खाली येई. एरवी वादी, म्हणजे नदीचे पात्र, कोरडी. खिंडीच्या तोंडाशी सुमारे ६०० मीटर लांबीचा मातीचा बांध घातला होता आणि त्याला दगडांचे अस्तर होते. धावते पाणी शेताच्या पातळीपर्यंत चढवून दोन्ही टोकांच्या मोऱ्यांतून कालव्यांत सोडायचे, एवढेच त्याचे काम. या मोऱ्या घडीव दगडांच्या, डोंगराच्या खडकाला भिडवलेल्या. बांध कधीच वाहून गेला, त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. उत्तरेकडच्या मोरीतले पाणी सुमारे एक किलोमीटरच्या पाटाने विभाजकापर्यंत जाई आणि तिथून त्याच्या वाटण्या होत. जवळपास ९,६०० हेक्टर जमीन अशी भिजत असे.

पण पाण्याबरोबर गाळही यायचा. वाळवंटाच्या काठावर धान्य पिकायचे ते त्याच्याच जोरावर. मात्र त्याच्या थरांनी शेते शतकाला साधारण एक मीटर वर चढत; काही ठिकाणी हे थर ३० मीटरच्या आसपास जाडीचे आहेत. शेत चढले की पाणीही तितकेच वर चढवावे लागे, म्हणजे बांध वाढवणे आले. सुरुवातीला चारेक मीटर असलेला बांध अखेरीस १५ मीटरच्या घरात गेला. उंची वाढली तसा मातीवरचा दाब वाढला आणि दर दुरुस्ती आधीच्यापेक्षा महाग होत गेली.

मग गाळानेच मारिब बुडवले, असे का म्हणू नये? कारण हा खर्च सबाच्या आणि नंतर हिम्यरच्या राजांनी हजार वर्षांहून अधिक काळ पेलला. तो कसा पेलला जाई, ते इ. स. ५४८ च्या अब्रहाच्या शिलालेखात दिसते. बांध फुटल्यावर या हबशी राजाने टोळ्यांना कामावर बोलावले. मध्येच मारिबमध्ये साथ आली, तेव्हा माणसांना घरी सोडले आणि नंतर परत बोलावून काम तडीस नेले. पीठ, खजूर, मांस किती लागले याचा हिशेबही दगडावर कोरला. दगड-मातीइतकाच हा शिधा बांधकामाचा भाग होता: वेगवेगळ्या टोळ्यांना एका हाकेत जमवायचे आणि काम संपेपर्यंत जेवू घालायचे.

धूपाचा व्यापार ओसरला म्हणून मारिब संपले, असेही सांगितले जाते. व्यापाराचे मार्ग समुद्राकडे सरकले, सत्तेचे केंद्र डोंगराळ जफारला गेले, हे खरे. पण या घसरणीनंतरही काही शतके बांध दुरुस्त होत राहिला. व्यापार हे एकमेव कारण असते तर तसे झाले नसते. घसरणीने दुरुस्तीमागचे बळ मात्र खच्ची केले. अब्रहानंतर काही दशकांतच येमेन इराणी सत्तेखाली गेला. बांध शेवटचा फुटला तो साधारण याच काळात, आणि या खेपेला टोळ्यांना हाक घालणारे कोणी उरले नव्हते.

१९८६ मध्ये जुन्या बांधाच्या वर सुमारे तीन किलोमीटरवर नवे धरण झाले. पैसा अबू धाबीच्या शेख झायेद यांचा. त्यांचे पूर्वज मारिबकडचे मानले जातात. हे मात्र खरेखुरे साठवणीचे धरण आहे, सुमारे ४० कोटी घनमीटरचे. पूर्वी शेतांवर पसरणारा गाळ आता जलाशयाच्या तळाशी बसतो. शेते उंचावत नाहीत, पण नवी मातीही त्यांना मिळत नाही, आणि साठवणीची जागा दर पुरागणिक थोडी थोडी कमी होते. सबाच्या लोकांना बांध वाढवून काढावी लागे ती तोड आज निराळ्या रीतीने काढावी लागेल, आणि तिलाही माणसे, पैसा व शांतता लागेल.