एकच साचा, दोन कारखाने : छोट्या शर्यतीच्या गाड्यांचा भारतीय इतिहास

आजचा धागा एका नऊ-दहा सेंटिमीटर लांबीच्या गाडीविषयी आहे. गाडीचे नाव जॅग्वार डी-टाइप. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे जिंकली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने आपल्या 'डिंकी टॉइज' मालिकेत तिची धातूची प्रतिकृती काढली. काही वर्षांनी तीच प्रतिकृती कलकत्त्यात तयार होऊ लागली. तिच्या खोक्यावर नाव होते 'निकी टॉइज'.

जुन्या खेळण्यांच्या बाजारात 'निकी'कडे पाहून 'ही डिंकीची भारतीय नक्कल' असे बिनदिक्कत म्हटले जाते. या धाग्याचा वाद त्या एका शब्दाशी आहे.

प्रथम साच्याविषयी. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. वितळलेला धातू प्रचंड दाबाने पोलादी साच्यात सोडतात. तो क्षणात गोठतो आणि गाडीचे अंग तयार होते. याला डायकास्टिंग म्हणतात. यातील अर्थकारण फार महत्त्वाचे आहे. पोलादी साचा कोरणे अतिशय खर्चाचे, पण त्यातून निघणारी प्रत्येक गाडी अगदी स्वस्त. त्यामुळे एखादे मॉडेल ब्रिटिश मुलांना जुने वाटू लागले, कंपनीच्या सूचीतून गळाले, तरी साचा निकामी होत नाही. तो विकता येतो, जहाजात घालून दुसऱ्या देशात पाठवता येतो.

आमच्या साकोलीच्या परिसरातील मुलांना हा फरक एका उदाहरणाने चटकन कळेल. तान्ह्या पोळ्याला मुले चाकांवरचा लाकडी बैल ओढत नेतात. तो बैल सुताराने घडवलेला असतो आणि त्याची ओळख त्या हातात असते. वशिंडाचा उठाव, शिंगांचा बाक, पायांखालच्या फळीची जाडी पाहून जाणकार कारागीर ओळखतो. सुताराचा हात विकत घेऊन परदेशी नेता येत नाही. साचा मात्र नेता येतो, आणि त्याच्याबरोबर गाडीचा चेहराही जातो.

मेकॅनोचे काही साचे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात असेच कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीकडे आले. डी-टाइप त्यांत होती. व्हॅनवॉल ही एकआसनी शर्यतीची गाडीही होती. १९५८ साली फॉर्म्युला वनमध्ये उत्पादक संघांसाठी पहिल्यांदाच ठेवलेले विजेतेपद तिने पटकावले होते. म्हणजे कलकत्त्यात घडलेली छोटी डी-टाइप ही डिंकी पाहून घडवलेली गाडी नव्हे. ज्या पोलादातून डिंकी निघाली, त्याच पोलादातून ती निघाली.

आता दोन्ही गाड्या शेजारी ठेवून पाहू. अंगाची वळणे तीच, चालकाची बैठक तीच, मागचा उभा पंखही तोच. फरक शोधायचा तर गाडी उपडी करावी लागते. तळाच्या पत्र्यावर जिथे 'डिंकी टॉइज' ही अक्षरे असायची, तिथे साच्यातील नाव खरवडून बुजवलेले दिसते. जुने नाव पुसल्याची ही खूण साच्याच्या स्थलांतराची साक्ष आहे. मुळातच नक्कल करणाऱ्याला पुसण्यासारखे काही नसते. मला तरी या गाडीचा सर्वांत बोलका भाग तोच वाटतो.

दुसरा फरक कडांवर दिसतो. साचा झिजला की त्याचे दोन भाग घट्ट मिटत नाहीत, मधल्या फटीतून धातू झिरपतो आणि सांध्यावर पातळ पापुद्रा उरतो. तिसरा फरक रंगाचा. लिव्हरपूलची डी-टाइप निळसर हिरवी आणि गुळगुळीत, तर कलकत्त्याचे रंगकाम बरेच ओबडधोबड. संग्राहक याला 'निकृष्ट दर्जा' म्हणतात, आणि केवळ वस्तू म्हणून पाहिले तर ते खोटे नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारावा : झिजलेला साचा, बेताचा रंग आणि तरीही गिऱ्हाईक, ही परिस्थिती कशी निर्माण झाली?

उत्तर आयात धोरणात आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या प्रारंभीच, १९५७च्या सुमारास, देशाची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली आणि आयातीवर कठोर नियंत्रणे आली. यंत्रसामग्रीसाठी जिथे चलन पुरेना, तिथे परदेशी खेळण्यांना कोण परवाना देणार? साचा एकदाच आणला की वर्षानुवर्षे देशी धातूत देशी माल काढता येई. स्पर्धा नव्हती, म्हणून घाईही नव्हती.

हेच सूत्र रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांनाही लागू होते, आणि या तुलनेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही याचे मला नवल वाटते. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७ पासून अँबॅसेडर काढली आणि २०१४ पर्यंत ती चालू ठेवली. मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने इटलीची फियाट ११०० घडवली. तीच पुढे पद्मिनी झाली. युरोपात जुनी ठरलेली वळणे इथे दशकानुदशके नवी म्हणून विकली गेली. अँबॅसेडरला आपण प्रेमाने 'आपली गाडी' म्हणतो, तर निकीला नक्कल म्हणून बाजूला सारतो. हा दुजाभाव कशासाठी?

योगायोग असा की, साकोलीवरून जाणाऱ्या मुंबई–कोलकाता महामार्गाची दोन टोके म्हणजे या कथेची दोन केंद्रे आहेत. कलकत्त्यात निकीखेरीज 'मिल्टन' होती. तिच्या अनेक गाड्यांत ब्रिटनच्या कॉर्गीचे रूप स्पष्ट ओळखू येते. मुंबईचा अध्याय मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि त्यासाठी अमेरिकेला वळसा घालावा लागतो.

डिंकीचे प्रमाण साधारण १:४३. हा विचित्र आकडा खेळण्यातील आगगाडीतून आला : ब्रिटनमध्ये एका फुटाला सात मिलिमीटर असे माप रूढ होते आणि ३०५ भागिले ७ म्हणजे साडेत्रेचाळीस. या गाड्या मांडून ठेवायला, न्याहाळायला उत्तम. फरशीवर ढकलल्या की थोड्याच अंतरावर थांबत. १९५३ पासून ब्रिटनच्याच लेस्नी कंपनीने 'मॅचबॉक्स' गाड्या काढल्या. तिथे खोक्याचे माप ठरलेले, म्हणून बस आणि मोटार दोन्ही जवळपास सारख्याच लांबीच्या. १९६८ साली अमेरिकेच्या मॅटेलने 'हॉट व्हील्स' आणली आणि निकषच बदलला. बारीक तारेचे आस, घर्षण कमी करणारे प्लॅस्टिकचे धारक आणि नारिंगी पट्ट्यांचा मार्ग. आता गाडी हुबेहूब किती, यापेक्षा ती किती पळते हे महत्त्वाचे ठरले. पुढच्याच वर्षी लेस्नीला आपली चाके बदलून 'सुपरफास्ट' मालिका काढावी लागली. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, १९८२ मध्ये लेस्नीचे दिवाळे निघाले.

हॉट व्हील्स भारतात रुजली ती १९८०च्या दशकात, मुंबईच्या ब्लो प्लास्ट समूहाशी झालेल्या भागीदारीतून. पाकिटावर नाव असे 'लिओ मॅटेल'. इथे नाव खरवडण्याचा प्रश्नच नव्हता. मूळ कंपनीच भागीदार होती. तरीही या गाड्यांचे रंग आणि अंगावरची छापील चित्रे अमेरिकी मालिकेशी जुळत नाहीत. आज परदेशातील संग्राहक नेमक्या या विसंगतीसाठी लिओच्या गाड्या शोधतात. निकीच्या बाबतीत जो दोष ठरला, तोच इथे दुर्मीळपणा ठरला! माझ्या मते दोन्हींना एकच मोजपट्टी लावली पाहिजे.

१ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि जुने साचे वर्षानुवर्षे चालवण्यामागचे मुख्य कारणच संपले. त्यानंतरची एक गाडी या तुलनेत हवीच. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याची पिवळी जॉर्डन १:४३ प्रमाणात काढली ती जर्मनीतील आखेनच्या मिनीचॅम्प्सने. आरशांचे आकार, पंखांच्या पट्ट्या, जाहिरातदारांची सूक्ष्म अक्षरे, सारे काही जागच्या जागी. कारागिरीत निकीची व्हॅनवॉल तिच्या जवळपासही पोचत नाही. मात्र व्हॅनवॉलमध्ये भारतीय कामगारांचे श्रम होते आणि शर्यत परक्यांची होती. जॉर्डनमध्ये चालक भारतीय आहे आणि घडवणारे हात दुसरीकडचे.

या कारखान्यांच्या इतिहासाला कागदापेक्षा वस्तूंचाच आधार अधिक. म्हणून एक विनंती. घरात मामाची, काकांची जुनी धातूची गाडी असेल तर तिला नवा रंग देऊ नका आणि भंगारात टाकू नका. तिला उपडी करा, तिरप्या उजेडात तळाच्या पत्र्याचे छायाचित्र घ्या. खरवडलेली अक्षरे तिरप्या उजेडातच उठून दिसतात. खोके शिल्लक असेल तर त्याच्या चारही बाजू टिपा, कारण कारखान्याचा पत्ता बहुधा तिथेच असतो. छायाचित्रे या धाग्याखाली टाका. पुढचा धागा मिल्टन आणि कॉर्गी यांच्यावर असेल.