पोलाद वाचवणारी आम्लं आणि नदीचा हिशोब

आम्ल लोखंडाला खातं, हे आपण शाळेत शिकलो. पण काही आम्लं लोखंडाला गंजापासून वाचवतात, हे ऐकलंय? आजचा भाग त्यांच्यावर. आणि ही गोष्ट जितकी लोखंडाची, तितकीच नदीचीही आहे.

सुरुवात आपल्या नाशिकपासून. गोदावरीकाठचं एकलहरे औष्णिक वीज केंद्र. पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले, मग १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन. कोळसा जाळायचा, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण वापरलेल्या वाफेचं परत पाणी करायला वेगळं थंड पाणी लागतं, तेही भरपूर. अशा केंद्रांत हे पाणी तापतं, कूलिंग टॉवरमध्ये गार होतं आणि पुन्हा फिरतं. दर फेरीत थोडं पाणी उडून जातं, क्षार मात्र मागे राहतात. टॉवरमध्ये हवेतला ऑक्सिजनही मिसळतो. कोमट, खारट, हवा भरलेलं पाणी आणि पोलादी पाईप. गंजाला आणखी काय हवं?

हा प्रश्न वाफेच्या इंजिनांइतका जुना. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली, तेव्हाही बॉयलर म्हणजे पोटात पाणी उकळणारं लोखंडच होतं. त्या काळी बॉयलरच्या पाण्यात झाडाच्या सालीतलं टॅनिन घालायचे. टॅनिन पाण्यातला ऑक्सिजन शोषतं आणि लोखंडाशी जुळून काळा थर बनवतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करायचे ना? त्यामागचं रसायन हेच.

मग विसाव्या शतकात आलं क्रोमेट. स्वस्त आणि जबरदस्त प्रभावी. पोलादावर असा पातळ थर बसवायचं की गंज जवळपास थांबायचाच. अडचण एकच, ते विषारी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाजवळ गॅस कंपनीच्या केंद्रात १९५२ ते १९६६ या काळात क्रोमियम घातलेलं कूलिंगचं पाणी उघड्या तळ्यांत सोडलं गेलं. ते जमिनीत मुरलं, गावाच्या विहिरींत उतरलं. १९९६ मध्ये कंपनीला ३३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. ‘एरिन ब्रोकोविच’ हा २००० सालचा सिनेमा याच खटल्यावर आहे. थोडक्यात काय, पाईप वाचले आणि विहिरी गेल्या.

१९९० मध्ये अमेरिकेनं इमारतींच्या एसीसाठीच्या कूलिंग टॉवरमध्ये हे क्रोमियम वापरायला बंदी घातली. तोवर सेंद्रिय आम्लं पुढे आली होती. इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत व्हर्नन आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात सोडियम बेंझोएटवर काम केलं. हो, सरबताच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तेच! आता गंमत बघा. ही आम्लं बहुतेकदा तशीच ओतत नाहीत. अल्कली मिसळून आधी त्यांचे दात काढतात. मग उरलेला रेणू पोलादावर बसतो आणि गंज लागू देत नाही. पुढे कूलिंग टॉवरसाठी फॉस्फोनिक आम्लं आली. ती गंजही रोखतात आणि क्षारांचा थरही साचू देत नाहीत.

आपल्या गाडीच्या रेडिएटरमध्येही हेच चाललेलं असतं. १९९० च्या दशकापासून जास्त काळ टिकणारे, सेंद्रिय आम्लांचे कूलंट बाजारात आले. त्यातलं एक, सेबॅसिक आम्ल, चक्क एरंडेलापासून बनतं.

मग प्रश्न सुटला? पूर्ण नाही. फॉस्फोनेटमध्ये फॉस्फरस असतो आणि फॉस्फरस म्हणजे पाणवनस्पतींचं खत. नांदूर मध्यमेश्वरला जलपर्णी पसरते, त्याला मुख्यतः सांडपाणी जबाबदार आहे. पण आधीच भरलेल्या नदीत आणखी भर कशाला? टॉवरमधून क्षार वाढलेलं पाणी अधूनमधून बाहेर काढावंच लागतं. ते प्रक्रिया करून सोडायचं की तसंच, यावर सगळं ठरतं.

तेव्हा गंज रोखणाऱ्या कुठल्याही औषधाबद्दल दोन प्रश्न विचारा. पोलाद किती वर्षं टिकेल? आणि हे पाणी शेवटी कुठे जाईल? दुसरा प्रश्न विचारायला जगाला बरीच वर्षं लागली. आपण मात्र आजच सुरू करू शकतो. कूलंट बदललात तर जुनं नाल्यात ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं. गॅरेजवाल्याला विचारा, ‘दादा, याचं पुढे काय करता?’

भेटू पुढच्या भागात!