खर्ड्यातला गोळीबार

खर्डा हा शब्द मराठी माणसाला तीन कारणांनी ठाऊक असतो. हिरव्या मिरच्या आणि लसूण रगडून होतो तो पहिला खर्डा. कारकून भीत भीत साहेबापुढे ठेवतो तो कच्चा खर्डा दुसरा. आणि ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाला जिथे नमवलं तो तिसरा. माझं बालपण तिसऱ्यात गेलं, पोट पहिल्यावर भरलं आणि नोकरी सगळी दुसऱ्यावर झाली. खर्ड्यात गोळ्या सुटल्या त्या फक्त १७९५ साली, अशी इतिहासकारांची समजूत आहे. ती दुरुस्त करावी म्हणून हे टिपण.

आमच्या गावातल्या गोळ्या वाण्याच्या दुकानात, काचेच्या बरण्यांत राहत. लिमलेट, पेपरमिंट आणि रावळगाव. पहिली दोन नुसतीच गोळ्यांची नावं. तिसरं मात्र नाशिक जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं खरंखुरं गाव. शेठ वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथे साखर कारखान्याची कंपनी काढली आणि पुढे त्याच साखरेच्या गोळ्या होऊ लागल्या. 'रावळगाव दे' म्हटलं की वाणी गोळी देई. गावाचं नाव घेतल्यावर गोळी हातात पडावी, हे भाग्य जगात फार थोड्या गावांना लाभलं असेल. आमच्या गावाचं नाव घेतलं असतं तर वाण्याने मिरच्या तोलल्या असत्या.

या गोळीला आमच्याकडे जाहिरात कधी लागली नाही. बरणी हीच तिची जाहिरात. पण पार्ल्याच्या गोळ्यांचं तसं नव्हतं. मुंबईच्या विलेपार्ल्यात १९२९ साली गोळ्यांचा कारखाना निघाला. बिस्किटं दहा वर्षांनी आली. म्हणजे 'पार्ले' म्हटल्यावर सगळ्यांना बिस्किट आठवतं खरं, पण वडीलकीचा मान गोळीचा. त्यांची किसमी टॉफी आली, मग पॉपिन्स आली. पॉपिन्सच्या गोळ्या कागदाच्या नळीत एकीवर एक रचलेल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. पुढची गोळी कोणत्या रंगाची निघणार यावर आमच्यात जेवढी चर्चा होई, तेवढी पुण्याच्या दरबारात निजामाच्या चौथाईवरही झाली नसेल.

आता प्रश्न असा, की खर्ड्याच्या पोराला पॉपिन्स कळली कशी? मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला आलं, पुण्याला त्याच्या पुढच्या वर्षी. त्याच्या लहरी आमच्यापर्यंत पोचायला इतका काळ लागला, की त्यापेक्षा निजामाचं सैन्य हत्ती, तोफा आणि जनानखान्यासकट लवकर आलं म्हणायचं. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १९७६ साली. विविध भारतीवर त्या १९६७पासून होत्या. पण रेडिओवरची गोळी नुसती ऐकू येते. तिचा रंग दिसत नाही.

रंग आम्हाला दाखवला तो रद्दीने. शहरातून रद्दी येई, वाणी तिच्या पुड्या बांधी आणि त्या रद्दीत कधी 'चांदोबा' निघे, कधी इंद्रजाल कॉमिक्सची पानं. आईने शेंगदाणे आणायला पाठवलं की आम्ही वाण्याला सांगायचो, "काका, चित्राच्या कागदात द्या." त्या पानांवर पॉपिन्सच्या जाहिरातीतले राम आणि श्याम भेटले. जुळे भाऊ. चोर पकडत, संकटातून सुटत आणि शेवटी गोळ्या खात. सगळं चार-सहा चौकटींत. पण पुडी फाटली की गोष्टही फाटे. चोर एका पुडीत पळे आणि सापडे तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, हरभऱ्याच्या डाळीबरोबर. संध्याकाळी आम्ही पोरं आपापले तुकडे घेऊन पारावर जमत असू. संशोधक जुनी बाडं जुळवतात ते आम्हाला फार लवकर आलं.

दुसरा नायक वेताळ. ली फॉकने १९३६ साली अमेरिकेत निर्माण केलेला हा बुरखाधारी, इंद्रजालमधून मराठीत आला. त्याचं इंग्रजी नाव घेऊन फँटम नावाच्या गोड सिगारेटी निघाल्या. पांढरी साखरेची कांडी, टोकाला लाल विस्तव. आजीने एकदा माझ्या तोंडात ती पाहिली आणि गावातल्या अनेक थोर पुरुषांच्या वर्तणुकीचा उल्लेख करीत काठी उचलली. "अगं, साखर आहे," म्हणून अर्धी तिला दिली. ती तिने चाखून पाहिली, संपवली आणि म्हणाली, "तरी पण वाईटच."

किल्ल्यावर आम्ही लढाई खेळायचो. हा किल्ला निंबाळकरांचा. हरल्यावर निजाम याच्याच आश्रयाला आला आणि अन्नपाण्यावाचून टेकीला आला. आमची अडचण अशी, की निजाम व्हायला कुणीच तयार नसे. शेवटी तह ठरला : जो निजाम होईल त्याला एक फँटम सिगारेट. खऱ्या तहात निजामाने मुलूख आणि कोट्यवधी रुपये कबूल केले. आमच्यात उलटी खंडणी मिळू लागली, तेव्हा निजाम व्हायला रांग लागली. नाना फडणीस एकटेच उरले.

या जाहिरातींत माणसांऐवजी चित्रं का असत, याचं उत्तर मला मोठेपणी सापडलं. हलक्या कागदावर फोटो काळवंडतो, रेघेचं चित्र मात्र स्वच्छ उमटतं. तेच चित्र भिंतीवर रंगवायला गावचा पेंटरही पुरतो. आणि चित्रातलं पोर मानधन मागत नाही, त्याला मिसरूड फुटत नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रंगाच्या कंपनीसाठी काढलेला गट्टू जवळजवळ पन्नास वर्षं तसाच पोरगेला राहिला. अमेरिकेत १९७० साली टूट्सी पॉपच्या जाहिरातीत एक मुलगा घुबडाला विचारू लागला, की किती वेळा चाटल्यावर गोळीच्या गाभ्यापर्यंत पोचता येतं. घुबडाला तीन चाटण्यांतच दम निघेना, त्याने ती कडाकड चावली. आमच्या इथे एवढं मोठं शास्त्र कुणी घुबडावर सोपवलं नसतं. रावळगावची एक गोळी न चावता भूगोलाच्या एका तासभर पुरते, हा निष्कर्ष आम्ही स्वतः काढला होता.

त्या तासाला माझ्या बाकावर एक सोबती असे. दिवाळीपर्यंत असे, मग नसे. आमचा भाग बीड आणि धाराशिवच्या शिवेवरचा, कमी पावसाचा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडं बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरून ऊसतोडीला निघत. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. पोरं हिशेबात नसत; ती नुसती बरोबर असत. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेला १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा धडा आम्ही शाळेत शिकलो. तो धडा येई तेव्हा माझा सोबती उसाच्या फडात असे. साखरेबद्दल वर्गात सर्वांत जास्त त्याला ठाऊक, आणि परीक्षेला नेमका तोच गैरहजर.

एका दिवाळीला तो निघाला तेव्हा राम-श्यामचा एक तुकडा त्याच्यापाशी होता. चोर विहिरीत लपलेला, पुढचं पान गायब. मी म्हटलं, सापडलं की ठेवतो. तो परत आला तेव्हा उन्हाळा लागला होता, आणि पुढच्या वर्षी आलाच नाही.

पुढे दूरदर्शन आमच्यापर्यंत पोचलं, १९८२ साली ते रंगीत झालं, जेम्सच्या रंगीबेरंगी गोळ्यांसाठी 'जेम्स बाँड' पडद्यावर धावू लागला. आमची मुलं ते पाहून हट्ट करू लागली. इंद्रजाल १९९०मध्ये बंद पडलं, विलेपार्ल्याचा कारखाना २०१६मध्ये. आणि २०२४ साली रावळगावच्या गोळ्यांची नावं २७ कोटींना रिलायन्सने घेतली. वर्तमानपत्रात ते वाचून मी हिशेब करीत बसलो, की यातले माझे पाच-पाच पैसे किती असतील.

मध्यंतरी बाजाराच्या दिवशी सोबती भेटला. कमरेत वाकलेला, हातावर कोयत्याचे व्रण. बरोबर नात होती, शाळेच्या गणवेशात. ती गावातच राहून शिकते, हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी तिला गोळी घेऊन दिली. वेष्टनावर एक हसरं चित्र होतं, ते ती निरखून पाहू लागली.

तिच्याकडे बघत तो म्हणाला, "काय रं, त्या हिरीतल्या चोराचं पुढं काय झालं?"

पन्नास वर्षं उलटून गेली होती. ते पान मला कधीच सापडलं नव्हतं.

"सापडला," मी म्हटलं. "त्याच दिवशी सापडला."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि नातीच्या हातातल्या गोळीचं वेष्टन नीट, न फाडता, सोडवू लागला.