पाण्याखालचा रस्ता

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त सायकलचं आहे.

माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणजे नात्याने माझी नातच, इंग्लंडमध्ये शेफील्डला असते. इथे असताना गल्लीच्या टोकाला जायचं तरी स्कूटी काढणारी ही पोरगी, तिकडे जाऊन तिला सायकलचा नाद लागला. दर रविवारी संध्याकाळी फोटो येतात. हिरव्या टेकड्या, दगड रचून केलेले बांध, मेंढ्या आणि त्यातून जाणारा अरुंद रस्ता. चढ संपला की उतार, उतार संपला की चढ. एका फोटोत मागे मोठा जलाशय होता. खाली तिने लिहिलं होतं, "आजोबा, अगदी डिंभ्यासारखं आहे ना? दिवाळीत येतेय. मला आपल्याकडचे सायकलचे रस्ते नीट काढून द्या. मोबाईलवरचा नकाशा नको, तुमच्या हातचा हवा."

मास्तराला नकाशा काढायला सांगितल्यावर दुसरं काय पाहिजे! जुन्या वहीचा जोडकागद घेतला. आधी घोड नदी काढली, आहुप्याच्या डोंगरातून निघून पूर्वेला जाणारी. मग मंचर, तिथून चौदा-पंधरा किलोमीटरवर घोडेगाव, पुढे शिनोली, डिंभे. आणि मग पेन्सिल आपोआप नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला गेली आणि आंबेगावापाशी थांबली. सौ. चहा घेऊन आल्या होत्या. कागदाकडे बघून म्हणाल्या, "अहो, हा रस्ता आता कुठाय?"

खरंच की. कुठाय?

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, पण आंबेगावात तालुक्याची कचेरी नाही, ती घोडेगावात. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आणि २००० साली पूर्ण झालं. पाणी अर्थातच त्याच्या आधीपासून चढायला लागलं होतं. जलाशयाला नाव दिलं हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली गेले.

आता माझी सायकल. नोकरी लागल्यावर, १९७५ साली घेतली. रॅले, पण आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात तयार झालेली. मूळ रॅले कंपनी इंग्लंडात नॉटिंगहॅमची. काळी, उंच, मागे दणकट कॅरियर, पुढच्या चाकाला डायनॅमो. डायनॅमो लावला की सायकल जड जायची आणि चढावर वेग कमी झाला की दिवा मंद व्हायचा, म्हणजे नेमका उजेड हवा तिथेच अंधार! कॅरियरवर तपासायच्या वह्या, सीटखालच्या पिशवीत सोल्यूशन, जुन्या ट्यूबचे तुकडे, पाना. हवा भरायचा पंप दांड्याला बांधलेला.

त्या सायकलवर मी नदीकाठच्या रस्त्याने वरच्या अंगाच्या एका गावातल्या शाळेत जायचो. रस्ता म्हणजे काय, मुरूम आणि धोंडे. ओढे आडवे यायचे. प्रत्येक ओढ्याला एक उतरण आणि एक चढण. उतरणीला ब्रेक दाबून उतरायचं, चढणीला खाली उतरून ढकलायचं. 'उतार' शब्दाची गंमत बघा. नात म्हणते उतार म्हणजे पाय न मारता सुसाट जायची जागा. आमच्याकडे उतार म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागाही. माघ-फाल्गुनात घोडेचं पाणी गुडघ्याखाली आलं की सायकल खांद्यावर घेऊन उताराने पलीकडे. पलीकडच्या वाडीतली मुलं अशीच चालत शाळेत यायची. दहा मिनिटांचं काम.

धरण भरल्यावर तेच पलीकडचं गाव समोर दिसतं आणि पोचत नाही. एक तर होडी, नाहीतर डिंभ्याला येऊन सगळ्या जलाशयाला वळसा. सायकलवाल्याला हा वळसा म्हणजे दिवसाचं सुख. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल त्याच्यासाठी तो काय आहे, हे वेगळं सांगायला नको.

असो. नातीला फोन केला आणि विचारलं, तुझ्या फोटोतल्या धरणाचं नाव काय? म्हणाली, लेडीबोअर. मग मी वाचत बसलो. दोन-तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

डर्बीशायर परगण्यात डरवेंट नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात वरच्या बाजूला दोन दगडी धरणं आधीच झाली होती. त्याने भागेना म्हणून १९३५ साली तिसऱ्या, लेडीबोअर धरणाचं काम सुरू झालं. १९४३ मध्ये बांध पुरा झाला, पाणी भरलं आणि २५ सप्टेंबर १९४५ रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी उद्घाटन केलं. डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं बुडाली. डरवेंटच्या चर्चच्या आवारातली पुरलेली माणसं उकरून काढून बॅमफर्डला पुन्हा पुरली. चर्चचा मनोरा मात्र तसाच ठेवला होता. पाण्यातून तो वर डोकवायचा. लोक पोहत तिथे जायला लागले, धोका नको म्हणून १९४७ च्या डिसेंबरात तोही उडवून दिला.

पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. डरवेंट गावात एक जुना वाडा होता, डरवेंट हॉल. १९३२ साली त्याचं युथ होस्टेल केलं, उद्घाटनाला प्रिन्स ऑफ वेल्स आले होते. युथ होस्टेल म्हणजे पायी आणि सायकलवर भटकणाऱ्या तरुण मंडळींना स्वस्तात रात्र काढायची जागा. आठवडाभर शेफील्ड-मँचेस्टरच्या धुरात काम केलेल्यांना रविवारच्या हिरवळीची केवढी ओढ असणार! म्हणजे पोरगी आज ज्या पाण्याच्या काठाने सायकल चालवते, त्याच्या तळाशी सायकलवाल्यांच्या मुक्कामाची जागा होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "काय सांगता! इथे इतक्या वेळा येते, हे नव्हतं माहीत."

आणखी एक. त्या खोऱ्याचं पाणी डर्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि शेफील्ड या गावांसाठी होतं. नॉटिंगहॅम, म्हणजे माझ्या रॅलेचं माहेर! तिकडचा सायकल कारखान्यातला कामगार ज्या खोऱ्याचं पाणी प्यायला, तिथली गावं बुडाली. आणि मी त्याच नावाच्या सायकलवर ज्या रस्त्याने जायचो, तो रस्ताही बुडाला. योगायोगच, त्यात फार अर्थ शोधू नये. पण रात्री झोप लागेना एवढं खरं.

अ‍ॅशॉप्टनच्या वरून आता उंच पूल जातो. शेफील्ड-मँचेस्टर हमरस्ता त्याच्यावरून आहे. मँचेस्टर म्हटल्यावर मला कापड आणि कापडावरून बाबू गेनू आठवणारच, मास्तरकी जात नाही.

नातीचं म्हणणं, तिकडे शनिवार-रविवारी जलाशयाच्या वरच्या अंगाचा रस्ता मोटारींना बंद असतो, फक्त चालणारे आणि सायकलवाले. तिथेच सायकली भाड्यानेही मिळतात. ऐकून हेवा वाटला. गाव बुडालेल्यांसाठी तिकडे धरणाखालीच नवी घरं बांधली होती, हेही वाचलं. म्हणून त्यांना दुःख झालं नसेल असं मी म्हणणार नाही. घर मिळतं, शेजार मिळत नाही. पण आमच्याकडे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांपैकी कितीतरी जण पाणी चढेल तसे वर सरकत गेले आणि डोंगरउतारावरच राहिले. भातखाचरं गेली, हाती उरला मुरमाड उतार. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घ्यायचं, जलाशयात मासेमारी करायची, हे हक्क मिळवायलाही झगडावं लागलं. त्यात 'शाश्वत' संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या लोकांबरोबर फार काम केलं.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर मंचर-नारायणगावकडचे नातेवाईक रागावतील. 😊 डिंभ्याच्या कालव्यांनी खालचा मुलूख बागायती झाला. कांदा, बटाटा, ऊस, मुलांची शिक्षणं, सगळं त्या पाण्यावर. आमच्या घरातही त्या पाण्याचे पैसे आले आहेत. मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?

तर नकाशा. शेवटी पुरा केला, तो असा.

पहिला रस्ता डिंभे-पोखरी घाट-तळेघर-भीमाशंकर. तीस किलोमीटरच्या वर. पोखरी घाटात दम निघेल, पण मागे वळून पाहिलं की सगळा जलाशय खाली पसरलेला दिसतो. घाट चढल्यावर मात्र अगदी तिच्या इंग्लंडसारखं: टेकाड, खाचर, टेकाड, खाचर. श्रावणात आणि महाशिवरात्रीला या वाटेला जाऊ नये, गाड्यांची रांग असते.

दुसरा घोडेगावहून जुन्नर आणि तिथून आपटाळे-घाटघर करत नाणेघाट. ही वाट सातवाहनांच्या काळापासूनची व्यापाराची. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. वारा समोरून आला तर सायकल ढकलावी लागेल, लाज वाटून घेऊ नये.

तिसरा जलाशयाच्या उत्तरेकडून, फुलवडे-अडिवरे-आहुपे. तिन्हींत मला हाच सुंदर वाटतो. याच भागात माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला, १५१ माणसं गेली. नेहमीच्या एस.टी.चा चालक आला तेव्हा त्याला गावच दिसेना, त्याच्यामुळे बाहेर बातमी कळली. त्याच महिन्यात, ५ जुलैला, टूर द फ्रान्सची सायकल शर्यत इंग्लंडात लीड्सहून सुरू झाली होती आणि दुसऱ्या दिवशी नातीच्या शेफील्डला आली होती. तिकडचे डोंगर दूरदर्शनवर पाहून मी बायकोला म्हटलेलं आठवतं, आपल्या अडिवऱ्याकडे हुबेहूब असं आहे. नातीला लिहिलंय, तिथे सायकलवरून उतरून स्मारकापाशी थोडं थांब.

चौथी वाट मी तुटक रेघेने काढली आहे. डिंभे ते जुनं आंबेगाव, नदीकाठाने. ओढेही दाखवले, प्रत्येकाची उतरण आणि चढण. जिथे सायकल खांद्यावर घ्यायचो ती जागा फुलीने.

काल व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला. तिने तुटक रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हिला किती वेळ लागेल?" म्हटलं, दिवाळीला नाही जमायचं, तेव्हा पाणी भरलेलं असतं. मे अखेरीस ये. पाणी फार खाली गेलं तर जुन्या देवळांचे दगड दिसतात, रस्त्याचाही थोडा तुकडा दिसेल. चिखल वाळलेला असेल तर सायकल ढकलत नेता येईल. आणि पंक्चरचं सामान घोडेगावातच घे, पुढे भरवसा नाही.