गिटारचा फाटका आवाज व त्याची गणिती प्रतिकृति

कोणत्याहि वाद्याचा इतिहास हा बहुधा त्याच्या लाकडाचा, तारांचा व कारागिरांचा इतिहास असतो. विद्युत् गिटारची गोष्ट निराळी आहे. तिचा अर्धा प्राण वादकाच्या हातांतील वाद्यांत असतो आणि उरलेला अर्धा त्याच्या पाठीमागें ठेवलेल्या ध्वनिवर्धकाच्या पेटींत. ही जड पेटी आकसत आकसत शेवटीं पुस्तकाएवढी झाली आणि वादकाच्या पायाशीं येऊन बसली. पायानें दाबावयाच्या या लहानशा डब्यांत, ज्याला वादक पेडल म्हणतात, डझनावारी जुन्या पेट्यांचे आवाज गणिताच्या रूपानें साठविलेले असतात. हें कसें घडलें, आणि त्यांत संगीतानें काय मिळविलें व काय गमावलें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

अमेरिकेंतील नृत्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गर्जनेपुढें गिटार ऐकूंच येत नसे. या अडचणींतूनच विद्युत् गिटारचा जन्म झाला. लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३२ सालीं तारांजवळ लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलेली गिटार बाजारांत आणली. तार हलली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होई, आणि रेडिओंत असतात तसल्याच निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तो प्रवाह वाढवून लाउडस्पीकरकडे पाठवीत. १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमन यांच्या वृंदांत आला, आणि साथीच्या रांगेंत बसलेली गिटार एकल वादनाच्या मानाच्या जागीं येऊन पोंचली.

ध्वनिवर्धक बनविणारांची त्या काळीं एकच इच्छा होती: आवाज मोठा व्हावा, पण स्वच्छ राहावा. कॅलिफोर्नियांतील फुलरटन गांवीं रेडिओदुरुस्तीचें दुकान चालविणारे लिओ फेंडर यांचाहि रोख तोच होता. परंतु व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला कीं तो ध्वनिलहरींचे माथे हळूहळू बोथट करूं लागतो. त्यामुळें मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळतात व आवाज फाटतो. कारागिरांच्या लेखीं हा दोष होता. वादकांच्या कानांना मात्र त्यांत गळ्यांतील खरखरीसारखी आर्तता ऐकूं आली. नॅशव्हिल येथें १९६१ सालच्या एका ध्वनिमुद्रणप्रसिद्धीनें तर दोषाचें भाग्य उघडलें. मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीतांत ग्रॅडी मार्टिन यांचें वादन ध्वनिमुद्रण यंत्रांतील बिघाडामुळें फाटून उमटलें, आणि तें तसेंच ठेवण्यांत आलें. तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी 'फझटोन' नांवाची पायपेटी १९६२ सालीं विक्रीस निघाली. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' गीतानें ती जगभर ऐकविली.

त्याच १९६२ सालीं लंडनच्या हॅनवेल भागांत ड्रमचें दुकान चालविणारे जिम मार्शल यांनीं आपला पहिला ध्वनिवर्धक तयार केला. त्याचा आराखडा फेंडर यांच्या 'बासमन' या पेटीवरून घेतलेला होता. अमेरिकन भाग इंग्लंडांत महाग व दुर्मिळ, म्हणून तेथें मिळतील ते भाग वापरले गेले. परिणाम असा कीं आवाज मुळाहून निराळा निघाला. आणि हीच अपुरी नक्कल पुढें एका नव्या संगीताचा आधार झाली. प्रतिकृतीचा हा पहिला धडा पुढील इतिहास समजून घेतांना विसरतां येणार नाहीं.

व्हॉल्व्हच्या पेट्यांचें वैभव मोठें, तसे त्यांचे हालहि मोठे. व्हॉक्स कंपनीची एसी-३० ही पेटी तीस किलोंहून अधिक वजनाची. व्हॉल्व्ह तापतात, झिजतात, प्रवासांत फुटतात. शिवाय पेटी पूर्ण जोरानें चालविल्याखेरीज तिचा खरा रंग खुलत नाहीं, आणि भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या वादकाला तसा जोर कोण करूं देणार? ट्रॅन्झिस्टरनें वजन कमी केलें. पण भार वाढतांच तो लहरीचा माथा एकाएकीं कापून टाकी, आणि तो कर्कशपणा बहुतेकांना रुचला नाहीं.

उपाय तंत्रज्ञांनीं शोधले. 'बॉस्टन' या वृंदाचे गिटारवादक आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर टॉम शोल्झ यांनीं १९८२ सालीं कमरेला लटकवितां येईल असा 'रॉकमन' काढला; तो कानाला यंत्र लावून ऐकतां येई. १९८९ सालीं न्यूयॉर्कहून 'सॅन्सॲम्प' आला. हे दोन्ही डिजिटल नव्हते. डिजिटल युगाची पहाट जपानच्या रोलंड कंपनीनें १९९५ सालीं आणलेल्या 'व्हीजी-८' यंत्रानें झाली. आणि मार्कस रायल व मिशेल द्वादिक यांच्या लाइन सिक्स या कंपनीनें १९९८ सालीं 'पॉड' नांवाचा तांबडा, घेवड्याच्या बीसारखा डबा काढून ती घरोघर नेली.

या डब्यांतील किमया थोडक्यांत अशी. तारेंतून आलेला प्रवाह सेकंदाला सुमारें ४८,००० वेळां मोजला जातो. व्हॉल्व्ह, रोहित्र व लाउडस्पीकर यांनीं त्या मापांचें काय केलें असतें याचें गणित मांडून उत्तर पुन्हां विद्युत्प्रवाहांत उतरविलें जातें. अवघड भाग हा कीं व्हॉल्व्ह सर्वांशीं सारखा वागत नाहीं: तार हळुवार छेडली तर स्वर निर्मळ, जोरानें छेडली तर फाटका. नक्कल करावयाची ती आवाजाची नव्हे, स्वभावाची. या गणिताला सेकंदाचे कांहीं सहस्रांश लागतात. पण ध्वनि एका सहस्रांशांत सुमारें ३४ सेंटिमीटरच जातो. तेव्हां तीन सहस्रांशांचा विलंब म्हणजे पेटीपासून एक मीटर दूर उभें राहण्याइतकाच होय.

पुढें पद्धतीहि बदलल्या. २०११ सालीं जर्मनीच्या क्रिस्टोफ केंपर यांच्या यंत्रानें खऱ्या पेटींतून परीक्षेचे ध्वनि सोडून तिचें जणूं व्यक्तिचित्र टिपण्यास आरंभ केला. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठांतील संशोधकांनीं पेटींत शिरणारा व बाहेर पडणारा आवाज शेजारीं ठेवून कृत्रिम मज्जाजालालाच तो संबंध शिकविला. २०१८ सालच्या 'एचएक्स स्टॉम्प' सारखे डबे तर पडशींत मावूं लागले.

इकडे व्हॉल्व्हचे कारखाने मात्र एकामागून एक बंद पडत गेले. इंग्लंडांतील ब्लॅकबर्नचा प्रसिद्ध मलार्ड कारखाना १९८१ सालीं थांबला. पुढें रशिया, स्लोव्हाकिया व चीन यांवरच मुख्य भिस्त राहिली, आणि २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध भडकतांच रशियन व्हॉल्व्हचा पुरवठा अडेल या भीतीनें जगभरचे वादक धास्तावले. ज्याला आजवर नक्कल म्हणून हिणविलें, तीच उद्यां मूळ स्वराची एकमेव स्मृति ठरण्याचा संभव आहे.

आक्षेप अर्थातच आहेत. जुनी पेटी बिघडली तर डाग देण्याची कला येणारा कारागीर तिला पुन्हां बोलती करतो. डब्यांतील सूक्ष्म चकती गेली तर बहुधा डबाच टाकावा लागतो. महाराष्ट्रांतील गानरसिकांना हा वाद नवा नाहीं. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची लहान पेटी आली तेव्हां जवारीदार तारांचा जिवंत झणत्कार तिच्यांत नाहीं अशी तक्रार झाली, आणि तरीहि एकट्यानें रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला तिनें मोठा आधार दिला.

मार्शल यांची नक्कल अपुरी होती म्हणून तिच्यांतून नवें कांहीं जन्मास आलें. आजची नक्कल जवळजवळ पूर्ण होत चालली आहे, आणि खरा धोका तिच्या पूर्णतेंतच आहे. कारण जेथें चूक होण्यास वाव नाहीं, तेथें योगायोगानें भेटणारें सौंदर्यहि दुर्मिळ होतें. तथापि फाटका आवाज सुंदर आहे हा निर्णय यंत्रानें कधींच दिला नव्हता. तो माणसाच्या कानानें दिला. तो कान जोंवर सावध आहे, तोंवर रात्रीं शेजाऱ्यांची झोप न मोडतां लहानशा खोलींत वाजविणारा एखादा तरुण या डब्यांतूनहि असा स्वर काढील, कीं ज्याची नक्कल पुढच्या पिढीला करावी लागेल.